धुरांडं आधी, पेटी नंतर

फायरप्लेसच्या इन्सर्टबद्दल मागच्या अंकात मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. इन्सर्ट म्हणजे जुन्या उघड्या फायरप्लेसच्या पोटात बसणारी, काचेच्या दाराची बंद लोखंडी पेटी. हा खुलासा नव्या वाचकांसाठी. माझा धंदा ही पेटी बसवण्याचा, आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्याने बसवलेली काढून नीट बसवण्याचा. पत्रं सगळी वाचली. एक मात्र रांग मोडून आधी घेते.

*गेल्या महिन्यात इन्सर्ट बसवलं. ऊब छान येते. पण संध्याकाळी सासूबाईंचं डोकं दुखतं, मळमळतं. त्या फायरप्लेसच्या सगळ्यात जवळ बसतात. सकाळी बाहेर फिरून आल्या की अगदी ठणठणीत. डॉक्टर म्हणाले वयोमानाने होतं. धुराचा वास अजिबात येत नाही, त्यामुळे इन्सर्टवर शंका घ्यावी का, कळत नाही.*
— काळजीत पडलेली सून

ताई, पत्र मिळाल्या दिवशीच तुम्हाला निरोप धाडला होता: इन्सर्ट पेटवू नका, आणि सासूबाईंना घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा, पण या वेळी ‘घरात लाकडाची आग आहे, कार्बन मोनॉक्साइडची तपासणी करा’ हे तोंडाने सांगा. घरात बसलं की त्रास, बाहेर पडलं की आराम, ताप नाही, सर्दी नाही, ही लक्षणं या वायूची आहेत. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धुराचा वास येत नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. उलट हा वायू सगळ्यात जास्त तयार होतो तो धूर संपल्यावर, नुसते निखारे लाल असतात तेव्हा. ज्वाळा विझलेल्या असतात, धुरांडं थंड व्हायला लागलेलं असतं, वर ओढणारा जोर कमी होतो. आणि नेमक्या त्याच वेळी माणूस म्हणतो, ‘झालं आता, हवेची खिटी बंद करून टाकू.’

तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता, लिहिलंय की स्वयंपाकघरात नवा मोठा एक्झॉस्ट बसवला आहे. माझं बोट तिथे थांबलं. असा पंखा तासाला काहीशे घनमीटर हवा घराबाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. खिडक्या घट्ट बंद असतील तर ती सगळ्यात सोप्या वाटेने येते, आणि ती वाट म्हणजे तुमचं धुरांडं. वर जाणारं खाली यायला लागतं.

तपासून बघायचं असेल तर इन्सर्ट पूर्ण थंड असताना बघा. दारं-खिडक्या लावा, घरातले सगळे पंखे, एक्झॉस्ट, कपडे वाळवायचं यंत्र सुरू करा. इन्सर्टचं दार बोटभर उघडून फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर पेटीत ओढला गेला तर ठीक. तुमच्या तोंडाकडे आला तर पंख्याला पुरेल इतकी बाहेरची हवा घरात यायची सोय आधी करायला हवी, आणि काही इन्सर्टना बाहेरून थेट हवा घेणारी नळी जोडता येते तीही विचारा. हे झालं तरी आधी कोणीतरी जाणकाराने धुरांडं वरून खालपर्यंत बघितल्याशिवाय पुन्हा पेटवू नका, कारण दोष पंख्याचाच आहे असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही. लायनरचा, म्हणजे धुरांड्याच्या आत सोडलेल्या नळीचा, सांधा सुटला असेल, वर पक्ष्याने घरटं केलं असेल.

आणि अलार्म. धुराचा अलार्म वेगळा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. एक असला म्हणून दुसरा नको असं नाही. मोनॉक्साइडचा अलार्म इन्सर्ट असलेल्या खोलीत हवा, पेटीपासून आडवं अंतर एक ते तीन मीटर. पेटीच्या डोक्यावर नको, पडद्यामागे नको, खिडकीच्या झुळुकीतही नको. दुसरा झोपायच्या खोल्यांजवळ. त्यावर छापलेली मुदत वाचा. आतला सेन्सर पाच ते दहा वर्षांत म्हातारा होतो, बटण दाबल्यावर किंचाळतो म्हणून तो अजून हुंगतोय असं नाही.

*आम्ही जुनं घर घेतलं. विटांचं मोठं धुरांडं आणि उघडी फायरप्लेस आहे. त्यात इन्सर्ट बसवायचं आहे. विकणारा म्हणतो, ‘पेटी सरकवा, वरचं तोंड धुरांड्यात सोडा, बाजूच्या फटी बंद करा, झालं. लायनर म्हणजे उगाच खर्च.’ आमचे हे पण तेच म्हणतात. घरातली मंडळी दोन पक्षांत वाटली गेली आहेत, तुम्हीच निकाल द्या.*
— लायनर पक्षाची एकटी सभासद

निकाल तुमच्या बाजूने, आणि बहुमत कितीही असलं तरी.

तुमच्या ह्यांनी सांगितलेली पद्धत नवी नाही. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि लोक लाकडाकडे वळले, तेव्हा हजारो घरांत पेट्या अशाच नुसत्या सरकवून बसवल्या गेल्या. धुरांड्याशी जोड काहीच नाही. त्या पेट्या बाहेर काढताना मागे काय सापडतं, ते मी पाहिलंय. फायरप्लेसच्या मागच्या भिंतीशी, पेटीच्या डोक्यावर, सगळीकडे काळं, चकचकीत, बोटाने टोकरलं तर टणक लागणारं डांबर. पेटीवर कोपऱ्यांत ते इतकं साचलेलं असतं की घमेल्याने काढावं लागतं. आणि हे सगळं आगीपासून दोन वीत अंतरावर.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे ह्यांच्याशी वाद घालायला बरं पडेल. उघडी फायरप्लेस खोलीतली भरमसाट हवा गिळते, म्हणून तिचं धुरांडं रुंद बांधलेलं असतं. समजा, आतून ३० बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे ९०० चौरस सेंटीमीटर. तुमच्या इन्सर्टचं तोंड बहुधा १५ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण १७७ चौरस सेंटीमीटर. पाचपट फरक. इन्सर्ट हवा मोजून घेतं, उष्णता घरात ठेवतं, आणि त्यामुळे वर सोडतं तो धूर थोडा आणि त्यातल्या त्यात थंड. हा थोडा धूर त्या प्रशस्त विटांच्या बोगद्यात गेला की रेंगाळतो. भिंतीला टेकतो. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की त्यातली न जळलेली वाफ भिंतीवर जमते. तेच क्रिओसोट, आपलं डांबर. शिवाय धुरांड्याचा ओढा सगळा आतली हवा बाहेरच्यापेक्षा किती गरम आहे यावर चालतो. धुरांडं थंड, तर ओढा कमी. ओढा कमी, तर आग मंद. आग मंद, तर आणखी डांबर.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं धुरांड्यांसाठीचं ‘एनएफपीए २११’ हे मानक म्हणतं की धुरांड्याच्या आतल्या पोकळीचं क्षेत्रफळ पेटीच्या तोंडाच्या तिपटीपेक्षा जास्त नको, आणि धुरांडं घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून उघड्यावर असेल तर दुपटीपेक्षा जास्त नको. तुमचं पाचपट आहे. विषय संपला.

लायनर म्हणजे पेटीच्या तोंडापासून थेट धुरांड्याच्या टोकापर्यंत जाणारी स्टेनलेस स्टीलची नळी. लाकडासाठी ३१६ ग्रेडचं स्टील घ्या, कारण धुरातलं आम्ल हलकं स्टील पोखरतं. व्यास पेटीच्या तोंडाइतकाच. त्याभोवती सिरॅमिक लोकरीची गुंडाळी किंवा सुटं दाणेदार भरण हवं. आमच्या धंद्यात याच ठिकाणी सगळ्यात जास्त काटकसर होते, कारण वर टोपी बसली की आतली गुंडाळी आहे की नाही हे कुणालाच दिसत नाही. काम चालू असताना समोर उभ्या राहा आणि नळी आत सोडायच्या आधी गुंडाळी बघा. काही जण वरपर्यंत न नेता पहिल्या चार-सहा फुटांपुरताच लायनर सोडतात. मी तसं काम घेत नाही. पाचपट पोकळीचा प्रश्न तिथेच्या तिथे राहतो.

पण लायनरच्याही आधी कॅमेरा. धुरांड्यात कॅमेरा सोडून आतल्या खापरी नळांचे सांधे, चिरा, निखळलेला चुना, सगळं बघून घ्यायचं. पेटी बदलताना ही तपासणी करावी असं तेच मानक सांगतं. जुन्या घरांत तुळईचं टोक धुरांड्याच्या भिंतीतच घुसवलेलं असू शकतं. आत असलं काही निघालं तर गवंडी आधी, मी नंतर.

मापं घेताना समोरची रुंदी-उंची सगळे घेतात. मागची कोणी घेत नाही, आणि फायरप्लेस मागे निमुळती होत जाते. मागची रुंदी, मागची उंची आणि खोली, ही तीन मापं घेतल्याशिवाय पेटी पसंत करू नका. धुरांड्याच्या तळाशी जो जुना डँपर, म्हणजे धुरांडं उघडायची-मिटायची झडप, आहे तो नळी जाण्यासाठी कापावा किंवा काढावा लागेल. तिथेच, नळीभोवती, पत्र्याची एक आडवी पाटी बसवून वर खनिज लोकर ठासायची. ही पाटी बऱ्याच वेळा वगळली जाते, आणि मग तक्रार येते की ‘पेटी तापते पण खोली नाही.’ ऊब पेटीच्या डोक्यावरून रिकाम्या धुरांड्यात पसार झालेली असते. लोकर खनिजाचीच हवी. काचेची लोकर किंवा फवाऱ्याचा फोम नको.

वरच्या टोकाचा हिशेब असा: धुरांडं छपरातून जिथे बाहेर येतं तिथून निदान ९० सेंटीमीटर वर, आणि आडवं ३ मीटरच्या आत जे काही असेल, छपराचा कणा, शेजारची भिंत, त्यापेक्षा ६० सेंटीमीटर उंच. टोपीला जाळी असेल तर हंगामात एकदा खालून दुर्बिणीने बघा. जाळी काजळीने बुजते.

ह्यांना स्वतःच बसवायची हौस असेल तर एवढंच सांगते: पेटी दीडशे-दोनशे किलोची असते, छप्पर उतरतं असतं, आणि परवानगीच्या कागदावर आणि घराच्या विम्याच्या कागदावर तपासनिसाची सही लागते का हे आधी विचारून घ्यावं. सुटे भाग उचलायला मदत करू द्या. टोकावर चढू देऊ नका.

*आमची फायरप्लेस विटांची नाही, कारखान्यातून तयार आलेली पत्र्याची आहे. तिच्यात इन्सर्ट बसेल का?*
— पत्र्याची मालकीण

बसेल की नाही हे मापावर ठरत नाही. पत्र्याच्या फायरप्लेसची चाचणी उघड्या आगीसाठी, तिच्या स्वतःच्या पत्र्याच्या धुरांड्यासह झालेली असते, आणि तिच्या चहूबाजूंना भिंतीतलं लाकूड अगदी जवळ असतं. आतल्या चौकटीवर एक धातूची पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेल क्रमांक उतरवून घ्या. इन्सर्टच्या पुस्तिकेत ‘कारखानानिर्मित फायरप्लेसमध्ये चालेल’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि फायरप्लेसवाल्यांनी मनाई केलेली नसावी. दोन्ही बाजूंनी होकार नसेल तर नाही. पट्टीच सापडली नाही, तरीही नाही.

*इन्सर्टची काच तासाभरात काळी होते. दुकानदाराने दोनदा दार बदलून दिलं. लाकूड ‘वाळलेलं’ म्हणूनच विकत घेतो. सुरुवातीला फुर्रर्र करून पेटतं, मग नुसतं फसफसतं.*
— काच पुसून कंटाळलेला

दारात काही दोष नाही हो. ‘फसफसतं’ या तुमच्या शब्दात उत्तर आलं. ओंडक्याच्या कापलेल्या टोकाकडे बघा, तिथे बुडबुडे येताना दिसतील. ते पाणी आहे.

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे दोन किलोचा ओंडका आगीत टाकला तर त्यातलं एक लिटर पाणी उकळून वाफ व्हायला हवं, मग उरलेल्याने तुम्हाला ऊब द्यायची. ती वाफ आग थंड करते, थंड आगीतला धूर अर्धवट जळतो, आणि काचेवर बसतो. काचेवर दिसतो म्हणून तुम्ही मला लिहिलंत. धुरांड्यातही तेच बसतंय, ते दिसत नाही.

ओलावा मोजायचं दोन टोच्यांचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. आता ते वापरायचं कसं, कारण दहातले नऊ जण चुकीच्या जागी टोचतात. ढिगातला मधला ओंडका घ्या, वरचा नको. तो फोडा. ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर, लांबीच्या मध्यावर, दोन्ही टोचे रेषांच्या दिशेने दाबून बसवा. टोकाला टोचलंत तर १४ दाखवेल, सालीवर टोचलंत तर काहीच्या बाही. मध्यावर तेच लाकूड ३० दाखवतं. आकडा २० टक्क्यांच्या खाली आला तर ते जळण. वीसच्या वर असेल ते अजून झाड आहे, फक्त आडवं पडलेलं.

विकणाऱ्याच्या लेखी ‘वाळलेलं’ म्हणजे बऱ्याचदा ‘गेल्या वर्षी तोडलेलं’. पण अख्खा ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आतून ओलाच असतो. लाकूड खरं वाळायला लागतं ते फोडल्यावर. हलकी लाकडं फोडून रचली तर एका कोरड्या हंगामात तयार होतात, ओकसारखं चिवट लाकूड दोन वर्षं मागतं. रचताना जमिनीपासून वीतभर उंच, वरून झाकलेलं, बाजू मोकळ्या. लोक प्रेमाने चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळतात आणि आत बुरशी पोसतात. वाळलेल्या दोन फाळ्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात, ओल्या नुसत्या थप्प करतात. कानाने कळतं, पण यंत्र घ्याच.

लाकूड बदलूनही कोपरेच तेवढे काळे राहिले तर दाराची दोरी बघा. दाराच्या कडेने खाचेत जी जाड दोरी असते ती कालांतराने चपटी होते. थंड पेटीच्या दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सरकत आली तर त्या जागी दोरी दमली आहे. असं सगळीकडे फिरून बघा. दोरी बदलणं हे अर्ध्या दुपारचं काम आहे, फक्त पेटीच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीचीच घ्या. जाड दोरी बसवली तर बिजागरीकडे दार तणावर राहतं आणि समोरून उघडं पडतं.

काच पुसायला बाजारातला फवारा कशाला? ओलसर कागद पेटीतल्याच बारीक राखेत बुडवून घासा. काच थंड असताना.

*रात्री झोपताना पेटी गच्च भरतो आणि हवा पूर्ण बंद करतो. सकाळपर्यंत निखारे टिकतात. शेजारी म्हणतात हे बरोबर नाही. आम्ही तर वर्षानुवर्षं असंच करतोय आणि काही झालेलं नाही.*
— रात्रभर ऊब हवी असलेले

शेजाऱ्यांचं बरोबर आहे.

लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात, आणि खरी उष्णता त्या वायूंच्या जळण्यात असते. आधुनिक पेटीत वरच्या बाजूला बारीक छिद्रांच्या नळ्या असतात, त्यांतून गरम हवा सुटते आणि हे वायू तिथेच पेटतात. दिसायलाही सुंदर दिसतं, ज्वाळा वरून लोंबकळल्यासारख्या. पण त्यासाठी आत साधारण ६०० अंश लागतात. पेटी भरून हवा कोंडली की लाकूड तापतं, वायू सुटतात, आणि न पेटता सरळ वर जातात. म्हणजे जळणातला चांगला भाग तुम्ही रात्रभर धुरांड्याला सारवता आहात.

‘काही झालेलं नाही’ याचा अर्थ एवढाच की अजून ठिणगी तिथवर पोचली नाही. डांबराचे तीन प्रकार असतात. मऊ काजळी, ब्रशने झडते. दुसरं, कुरकुरीत काळे पापुद्रे, जोर लावला की निघतात. तिसरं म्हणजे काचेसारखं ओतलेलं, आणि त्याला ब्रश नुसता घसरतो. काजळीचा थर ३ मिलिमीटर झाला की साफ करायचाच. ६ मिलिमीटरला पोचला असेल तर साफ होईपर्यंत पेटी पेटवायचीच नाही. चकचकीत थर पातळ असला तरी त्याला ही सूट नाही, तो दिसला की थांबायचं. तुम्ही थर बघितला आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

धुरांड्याला आग लागते तेव्हा आत १,००० अंशांच्या वर जातं. आवाज घरघरत जवळ येणाऱ्या आगगाडीसारखा. असं झालं तर घरातले सगळे बाहेर, अग्निशमन दलाला फोन, आणि वाटेत हाताशी असेल तर पेटीचं दार आणि हवा बंद. धुरांड्यात वरून पाणी ओतायचं नाही. तापलेला लायनर आणि खापरी नळ पाण्याने फुटतात आणि आगीला भिंतीत वाट मिळते. आग आपोआप विझली तरी कॅमेऱ्याने तपासल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही. काही आगी हळू, आवाज न करता लागून जातात. घरच्यांना पत्ता नसतो, मला मात्र टोपीचा रंग उडालेला आणि काजळी फुगून लाह्यांसारखी झालेली दिसते.

आता सकाळच्या निखाऱ्यांचं. रात्रीचं जळण टाकल्यावर वीस-पंचवीस मिनिटं हवा मोकळी ठेवा, सगळ्या फाळ्या पेटू द्या. मग हवा टप्प्याटप्प्याने कमी करा, प्रत्येक टप्प्याला ज्वाळा टिकते का बघत. पूर्ण बंद कधीच नाही. आणि एकदा शाल पांघरून अंगणात जा, धुरांड्याच्या टोकाकडे बघा. धूर दिसायला नको. नुसती हवा थरथरताना दिसली किंवा थंडीत टोकापाशी पांढरी वाफ येऊन लगेच विरली, तर ठीक. निळसर धूर छपरावरून लोळत गेला तर परत आत येऊन हवा वाढवा. जाडसर, जड लाकडाच्या मोठ्या फाळ्या घेतल्यात तर एवढ्या हवेवरही सकाळी राखेखाली निखारे मिळतात.

*इन्सर्टच्या वर लाकडी फळी आहे, तिच्यावर टीव्ही लावायचा आहे. फळीला हात लावला तर फक्त कोमट लागते. चालेल ना?*
— टीव्हीची जागा शोधणारी

हाताच्या अंदाजावर फळी ठेवू नका. पेटीच्या पुस्तिकेत, आणि बहुधा पेटीवरच्या धातूच्या पट्टीवर, वरच्या फळीपर्यंतचं आणि बाजूच्या लाकडापर्यंतचं अंतर दिलेलं असतं. ते पाळायचं, किंवा मध्ये पुस्तिकेत सांगितलेली उष्णतारोधक पाटी बसवायची. लाकडाचा एक गुण लोकांना माहीत नसतो: नवं लाकूड पेटायला २५० अंशांच्या वर जावं लागतं, पण वर्षानुवर्षं त्याहून बरंच कमी तापत राहिलं तर ते आतून हळूहळू कोळशाकडे झुकतं आणि मग पूर्वीपेक्षा कमी उष्णतेला पेट घेऊ शकतं. म्हणून ‘दहा वर्षं काही झालं नाही’ हे या बाबतीत चांगलं प्रमाणपत्र नाही.

टीव्हीसाठी: पेटी दोन-तीन तास जोरात, तिचा गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा चालू ठेवून जाळा. टीव्ही जिथे येणार तिथे भिंतीला साधा तापमापक चिकटवा. बऱ्याच टीव्हींची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते. माझं मत विचाराल तर टीव्ही समोरच्या भिंतीला लावा, म्हणजे आगीलाही कोणी बघेल.

आणि खाली बघायला विसरू नका. दारासमोर न जळणारी फरशी निदान ४० सेंटीमीटर, बाजूंना २०, हा अमेरिकेतला किमान हिशेब. पुस्तिका जास्त मागत असेल तर पुस्तिकेचं ऐका. मोजायचं पेटीच्या दारापासून, जुन्या फायरप्लेसच्या तोंडापासून नव्हे, कारण बरीच इन्सर्ट पुढे डोकावतात. गालिचा, सोफा, कागदांची टोपली ९० सेंटीमीटरच्या पलीकडे.

*घरात रांगतं बाळ आहे.*
— एका ओळीचं पत्र, सही नाही

काच सहज २०० अंशांच्या वर जाते, आणि आग विझल्यावरही बराच वेळ भाजते. भिंतीला पक्कं स्क्रू केलेलं कुंपण लावा, नुसतं उभं ठेवलेलं नको. बाळ ते धरूनच उभं राहायला शिकेल. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरायचं, बर्फ किंवा मलम लावत बसायचं नाही, आणि लगेच डॉक्टर.

*वीज गेली की पंखा बंद पडतो. तेव्हा आग विझवावी का?*
— अंधारात बसणारे

विझवू नका, नवं जळण मात्र थोडं थोडं टाका. पंखा फक्त पेटीभोवतीची गरम हवा खोलीत ढकलतो, धूर वर नेण्याशी त्याचा संबंध नाही. पंख्याशिवाय पेटी जास्त तापते आणि खोली कमी. वारंवार वीज जात असेल तर खरेदीच्या वेळीच पंख्याविना बरी ऊब देणारी, पुढे आलेल्या चेहऱ्याची पेटी निवडा.

*राख रोज काढावी का? आम्ही सकाळी थंड झालेली राख पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून गॅरेजमध्ये ठेवतो आणि आठवड्याने टाकतो. कधी व्हॅक्यूमने ओढतो.*
— स्वच्छताप्रिय

खोकं आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच, बाहेर न्या.

राख हे निखाऱ्याचं पांघरूण आहे. वरून हात लावला तर गार, आणि आत तीन-चार दिवसांनीही लाल ठिणगी जिवंत असू शकते. राख लोखंडी बादलीत, घट्ट झाकणाच्या, आणि बादली घराबाहेर मातीवर किंवा फरशीवर, लाकडी ओट्यावर नाही. घरच्या व्हॅक्यूममध्ये एक निखारा गेला की पंखा त्याला फुंकर घालतो आणि पिशवी पेटते. राखेसाठी वेगळं यंत्र असतं, तेही थंड राखेलाच.

रोज काढायची गरज नाही. तळाशी दोन-तीन सेंटीमीटर राख राहू द्या, निखारे तिच्यावर चांगले टिकतात. काढाल तेव्हा तिच्यात खिळे, बिजागऱ्या, रंगाचे पापुद्रे सापडत असतील तर तुम्ही जुनं फर्निचर जाळताय, ते बंद करा. रंगवलेलं, प्लायवुड, एमडीएफ, दाबाखाली रसायन भरलेलं लाकूड, समुद्रातून वाहून आलेला ओंडका, यांतलं काहीही पेटीत नको. रसायन भरलेल्या जुन्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं, आणि आर्सेनिक बरंचसं राखेत उतरतं. तसली राख तुमच्या गॅरेजमध्ये असेल तर ती बागेतही टाकू नका, घातक कचऱ्याबरोबर द्या.